जुन्या जीपमध्ये पंक्चरची तयारी: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

आमची जीप महिंद्राची सीजे-३बी. विलीजने १९५३ साली आणलेलं हे मॉडेल महिंद्राने पुढे बरीच वर्षं आपल्याकडे बनवलं. टायर ६.००-१६, आत ट्यूब. नाशिकहून पेठ, हरसूल, दिंडोरी, वणी या बाजूला तिची नेहमी चक्कर असते. उन्हाळ्याच्या तोंडावर मी पंक्चरचं सामान नव्याने घेतलं: चार्जिंगवर चालणारा हवेचा पंप, बॉटल जॅक, क्रॉस पाना आणि जादा ट्यूब. आता पावसाळाही सरलाय, त्यामुळे खात्रीने लिहिता येईल.

दुकानात ‘पंक्चर किट’ मागितलं की चिकट दोऱ्या आणि सुया हातात देतात. ते सगळं ट्यूबलेससाठी. आपल्या टायरला त्याचा काडीचा उपयोग नाही. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून बसला तरी गाडी गावापर्यंत पोचते. ट्यूबची हवा मात्र बघता बघता जाते. म्हणून भक्कम स्टेपनी आणि घडी घालून, पावडर मारून ठेवलेली ट्यूब, एवढंच खरं कामाचं. ट्यूब बरोबर ठेवाच, कारण ६.००-१६ची ट्यूब रस्त्यावरच्या प्रत्येक पंक्चरवाल्याकडे मिळत नाही.

ट्यूब बदलताना टायर आतून तपासल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. दिंडोरीकडे एकदा बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तिथल्या पंक्चरवाल्या काकांनी टायरच्या आतून फडकं फिरवलं आणि ते एका जागी अडकलं. द्राक्षबागेच्या तारेचा नखाएवढा तुकडा आरपार घुसला होता. बोट फिरवलं असतं तर बोट फाटलं असतं, आणि तसाच राहिला असता तर नवी ट्यूबही गेली असती.

पंपाबद्दल मी समाधानी आहे. गाडीच्या बॅटरीवर तो अवलंबून नाही, हा जुन्या गाडीत मोठा फायदा; ६ व्होल्टची बॅटरी असलेल्या जीपवाल्यांना तर १२ व्होल्टवर चालणारे पंप जोडताच येत नाहीत. मी २६ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) लावून ठेवतो, तिथे तो आपोआप थांबतो. रिकामा टायर भरताना बराच तापतो, मध्ये थोडी विश्रांती द्यावी लागते. त्याचा खरा उपयोग घरीच होतो, सकाळी टायर थंड असताना हवा बघायला. हवा कमी राहिली की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते, व्हॉल्व्ह तिरका होतो आणि बुडाशी फाटतो. असं पंक्चर सहसा जोडताही येत नाही. व्हॉल्व्ह कललेला दिसला तर हवा सोडून टायर नीट बसवून घ्या. उघड्या जीपमध्ये मे महिन्याच्या उन्हात पंप ठेवू नका, त्याच्या बॅटरीची वाट लागते. पायपंप मी अजूनही काढलेला नाही आणि काढणारही नाही.

आता जॅक. बॉटल जॅक घेण्याआधी टायरची हवा पूर्ण गेल्यावर ऍक्सल (दोन चाकांमधला आडवा दांडा) जमिनीपासून किती वर राहतो ते मोजा. पुष्कळ जॅक तिथे शिरतच नाहीत. खाली जाड फळी हवीच. पावसाळ्यात हरसूलच्या रस्त्याकडेला फळीशिवाय जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच चिखलात जातो.

पण जीपवाल्यांनो, सगळ्यात आधी हँडब्रेक समजून घ्या. तो चाकांवर नाही. ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) मागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ऍक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर, त्याचा ड्रम आहे. मागचं एक चाक उचललं की शाफ्ट धरलेला असूनही डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) उचललेलं चाक एका दिशेला आणि जमिनीवरचं उलट दिशेला फिरू शकतं. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, तरीही उतारावर ती जॅकवरून निघू शकते. पेठच्या वाटेवरच्या सावळ घाटात हे घडलं तर काय होईल, याचा विचारच करवत नाही. म्हणून जॅक लावण्याआधी फोर व्हीलचा दांडा टाकतो, म्हणजे पुढची चाकंही बांधली जातात. फ्री व्हील हब (पुढची चाकं ऍक्सलपासून मोकळी करणारे) बसवले असतील तर तेही लॉक करायचे. शिवाय पुढच्या चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड. जीपखाली हात घालण्याआधी हे झालंच पाहिजे.

नटांचंही तसंच. डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत, म्हणजे नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. स्टडच्या (नट बसतो त्या खिळीच्या) टोकावर एल हे इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं, पण गंजाखाली ते दिसत नाही. तारेच्या ब्रशने घासलं की उमटतं. एका पंक्चरवाल्याने न विचारता एअर गन लावली आणि स्टड तोडला. तेव्हापासून डाव्या बाजूचे नट लाल रंगवलेत आणि चाकाला हात लावण्याआधी सांगतो, “भाऊ, डावीकडचे उलटे आहेत, गन नको, हाताने खोला.” दोन्ही आट्यांचे दोन-दोन नट डबीत ठेवलेत. स्टेपनीची काळजी नको, आटे स्टडवर असतात, त्यामुळे ती दोन्ही बाजूंना बसते.

क्रॉस पाना उत्तम, पण दांडे लांब बघून घ्या. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, समोरासमोरचे आवळायचे आणि चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा.

लष्कराच्या लिलावातली जीप असेल तर तिचं रिम दोन भागांचं असू शकतं. अशा रिमचे जोडनट टायरमध्ये हवा असताना कधीही खोलू नका; आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. जुन्या चेतक स्कूटरवाल्यांना हे पाठ असतं, कारण तिचंही रिम दोन भागांचं, नव्या पंक्चरवाल्यांना बहुतेक वेळा नसतं. अशा वेळी शेजारी उभं राहून स्वतः सांगा.