नागपुरात गौडा चीज घेताय तर जुनंच घ्या

धरमपेठेतल्या एका इम्पोर्टेड सामानाच्या दुकानात गौडाचं अख्खं चाक ठेवतात आणि हवं तेवढं कापून देतात, आधी चाखायलाही देतात. ही सोय मला फार आवडली, कारण सीलबंद पाकिटात काय निघेल ते घरी येईपर्यंत कळत नाही.

दोन प्रकार होते, कोवळं आणि वर्षभर मुरलेलं. कोवळं पिवळसर, मऊ, लोण्यासारखं, सँडविचमधे छान वितळतं पण त्यासाठी एवढे पैसे घालायची गरज नाही, अमूलचं गौडा घ्या, काम होऊन जातं. पैसे घालायचे तर जुन्यावर घाला. काय चव आहे यार! आधी खारट, मग भाजलेल्या दाण्यासारखी, आणि शेवटी चक्क गोड. याचं कारण बनवण्यात आहे, रेनेट नावाच्या एंझाइमनी दूध थिजवून कापल्यावर त्यातली थोडी निवळी काढून गरम पाणी घालतात, त्यात बरंचसं लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर धुऊन जाते मग आंबटपणा चढत नाही, नंतर मिठाच्या पाण्यात बुडवून महिनोन् महिने फळीवर मुरवतात. नेदरलँड्सच्या गौडा शहरातल्या बाजारात हे विकायला यायचं म्हणून हे नाव, चीज तोलायला १६६८ मधे बांधलेली इमारत तिथे अजून उभी आहे.

जुन्या तुकड्यात पांढरे कण लागतात दाताखाली. लोक दुकानात विचारून राहिले होते की बुरशी आहे का, मीठ आहे का. नाही हो, ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे खडे आहेत, प्रथिनं मुरताना बनतात, चांगल्या जुन्या गौडाची खूणच समजा.

शाकाहारी असाल तर मात्र लेबल नीट बघा. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातलं असतं, मायक्रोबियल म्हणजे सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या रेनेटवालंही मिळतं, पाकिटावर हिरवा ठिपका शोधा. कापून घेताना चाकाचं लेबल दाखवायला सांगा, बिनधास्त सांगा, आपला हक्क आहे.

खायचं कसं तर पातळ काप करून संत्र्याच्या फोडीबरोबर, डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री आली की नक्की करून पहा, आंबटगोड रस आणि ते खारट चीज असं काही जमतं की विचारू नका. ज्वारीची गरम भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वरून किसलेलं जुनं गौडा, हेही भारी लागतं. थंडीत फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा, मे महिन्यात दहा मिनिटं पुरे नाहीतर तूप सुटतं.

एकच तक्रार, दुकानवाले प्लास्टिकमधे घट्ट गुंडाळून देतात त्यानी घाम येतो चीजला, घरी आल्या आल्या बटर पेपरमधे बांधून डब्यात ठेवा. आणि उन्हाळ्यात डिलिव्हरी मागवू नका, पंचेचाळीस डिग्रीत स्कूटरच्या डिकीतून आलेलं चीज घेण्यापेक्षा संध्याकाळी स्वतः जाऊन आणलेलं बरं.