आठ महिन्यांनंतर: मशीन चांगलं, झाकणाच्या खटक्याने घात केला

खरं तर हे दोन-तीन महिन्यांतच लिहिणार होतो, आणि तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो. बरं झालं आळस केला.

मशीन म्हणजे सोळा ट्यूबचं छोटं लॅम्पवालं (लॅम्प म्हणजे दिवा नव्हे, एकाच तापमानावर जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधायची पद्धत). ६५ अंशावर अर्धा तास, गुलाबी राहिलं तर निगेटिव्ह, पिवळं झालं तर पॉझिटिव्ह. बाकी स्पेक सगळ्यांना पाठ आहेत, परत टाईप करत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण अजून त्यांच्याकडूनच केमिकल घ्यायचंय. आमची लॅब म्हणजे एक खोली, एक सिंक, मी आणि सीनियर ताई. वापर जवळजवळ सगळा मलेरियासाठी.

पहिले पाच महिने मजेत गेले. बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाईट गेली तरी रन पूर्ण होतो, हे एकच कारण घ्यायला पुरेसं होतं. ताईंचा मात्र सुरुवातीला अजिबात विश्वास नव्हता. एकदा त्यांनी स्लाईड नीट बघून निगेटिव्ह दिली आणि इकडे ट्यूब पिवळीधमक. ताई चिडून परत जाड स्मिअर (रक्ताच्या जाड थेंबाची स्लाईड) घेऊन बसल्या आणि पाऊण तासाने म्हणाल्या, "दिसला रे मेला." परजीवीची एकच रिंग होती. सूक्ष्मदर्शकावर चांगला हात असलेल्या माणसाला साधारण मायक्रोलिटरमागे पन्नासेक परजीवी असतील तरच खात्रीने दिसतात, लॅम्प पाचच्या आतही पकडतं. ताप नाही पण रक्तात परजीवी आहेत, असे लोक याच पट्ट्यात असतात. पण लॅम्प परजीवी किती आहेत ते सांगत नाही, आणि औषध घेऊन बरा झालेल्या पेशंटच्या रक्तात परजीवीचं डीएनए काही दिवस राहतं त्यामुळे तेव्हाही पिवळं येऊ शकतं. म्हणजे ताईंची खुर्ची काही हलणार नाही.

मग सहाव्या महिन्यात एका सोमवारी निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे जी ट्यूब गुलाबीच राहायला हवी ती, पिवळा. नुसतं पाणी टाकलेली ट्यूब, आणि पिवळी.

रन रद्द केला, परत लावला, परत पिवळा. मला पहिला संशय केमिकलवर. या मिक्समध्ये बफर (आम्लता बदलू न देणारं द्रावण) जवळजवळ नसतंच, डीएनएची साखळी वाढताना जे हायड्रोजन आयन सुटतात त्यांनी आम्लता वाढते आणि रंग बदलतो, सगळा खेळ तेवढाच. त्यामुळे पार्सल ड्राय आईसमधून (गोठवलेला कार्बन डायऑक्साईड) आलं आणि कार्बन डायऑक्साईड आत शिरला तर मिक्स आपोआप पिवळं पडतं. पण तसं असेल तर ते गरम करायच्या आधीच पिवळं दिसायला हवं. आमचं आधी व्यवस्थित गुलाबी होतं. मग पाणी बदललं. काही नाही. मग सप्लायरशी भांडलो, त्याने कुरकुरत नवीन लॉट पाठवला, तोही पहिल्याच रनला पिवळा. तीन आठवडे मशीनचा एकही रिपोर्ट दिला नाही, सगळं स्लाईडवर, आणि ताईंच्या चेहऱ्यावरचं ते "मी म्हणत होते" मी रोज बघत होतो.

शेवटी शोध त्यांनीच लावला. रन संपल्यावर झाकण उघडलं तर कोपऱ्यातल्या ट्यूबचं टोपण अर्धवट उघडं. म्हणाल्या, "हे कधीपासून असं आहे?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. झाकणाचा प्लास्टिकचा खटका दीड महिन्यापूर्वीच चिरला होता. झाकण बसायचं, पण घट्ट नाही, आणि मी काय, बसतंय ना, मग चालतंय ना. त्या झाकणाचं काम नुसतं वरून गरम ठेवून वाफ अडवणं आहे असं मी समजत होतो. ते ट्यूबची टोपणं दाबूनही धरतं. ६५ अंशाला आतली हवा फुगते, वरून दाब नसेल तर सैल टोपण उचकटतं.

आणि लॅम्पमध्ये टोपण उघडणं म्हणजे काय, तर तासाभराच्या आत एका डीएनएच्या अब्जावधी प्रती होतात. त्या ट्यूबमधून डोळ्याला न दिसणारा फवारा उडाला की तो पिपेटवर, कोटाच्या बाहीवर, फ्रिजच्या हँडलवर. पुढच्या रनला त्यातलं नखभर गेलं तरी बास. म्हणून रन झाल्यावर ट्यूब उघडायची नाही, बंदच फेकायची, हे मी पहिल्या दिवसापासून पाळत होतो, आणि मशीन माझ्या वतीने उघडत होतं!

साफसफाईला दहा दिवस गेले. रोज ताजं एकास नऊ ब्लीच, मग पाण्याने पुसणं. फोडलेलं सगळं केमिकल फेकून दिलं, ते फेकताना काय वाटलं ते विचारू नका. मिक्स बनवायचं टेबल स्टोअररूममध्ये हलवलं, तिथे वेगळी पिपेट, वेगळा कोट, आणि फिल्टरवाले टिप. टिपच्या बाबतीत चूक माझीच, पैसे वाचवायला साधे टिप आणत होतो. जेवढे वाचवले त्याच्या कितीतरी पट त्या दहा दिवसांत घालवले.

आता सर्व्हिस. फोन केला तर, "सर, फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही." म्हटलं वॉरंटी राहू द्या, खटका विकत द्या. "सर, खटका सुटा मिळत नाही, पूर्ण झाकण असेंब्ली बदलावी लागेल, मशीन कुरिअरने पाठवा." कुरिअर आमच्या खर्चाने, सहा आठवडे. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकसाठी! हेच मला अजून पचत नाही. आत तापमान अर्ध्या अंशाच्या आत धरणारं सर्किट बसवता आणि ते झाकण धरायला खेळण्यातल्यासारखा खटका.

तेव्हा इथे लॅम्प पद्धतच बेभरवशाची असं लिहायला बसलो होतो. ते खोडतो. पद्धत ठीक आहे. स्वस्त आहे का, तर ट्यूब स्वस्त आहे. जाहिरातीतला खर्च ट्यूबचाच असतो. रक्ताचं स्वतःचं बफर असतं आणि ते लाल असतं, थेट टाकलं तर रंग वाचता येत नाही, म्हणून आधी कॉलममधून (डीएनए गाळून घ्यायची छोटी नळी) डीएनए काढावं लागतं. कॉलमचा आणि माझ्या वेळाचा हिशोब कोणी देत नाही. जीनएक्सपर्टच्या (बंद कार्ट्रिजमध्ये आपोआप डीएनए तपासणी करणारं मशीन) कार्ट्रिजला आम्ही महाग म्हणून नावं ठेवायचो (टीबीचं कार्ट्रिज २०२३ मध्ये गरीब देशांसाठी ९.९८ वरून ७.९७ डॉलरवर आलं तरीही), पण त्यात सॅम्पल टाकला की सगळं आत बंद. म्हणजे तिथे पैसे बऱ्याच अंशी झाकणाचेच घेतात, आणि आता मला ते पटतं. अर्थात त्याला वीज सलग लागते आणि खोली ३० अंशाच्या आत ठेवावी लागते, आमच्याकडे दोन्हीची बोंब.

मशीन पाठवलं नाही. रक्त काढताना दंडाला बांधतो तो रबरी पट्टा ताईंनी मशीनला आडवा गुंडाळला आणि खाली गाठ मारली. दोन महिने झाले, एकही कंट्रोल पिवळा नाही. पट्टा ढिला पडला की झाकणाच्या आतल्या पॅडवर कळतं, ट्यूबच्या सोळा गोल ठशांपैकी कोपऱ्यातले दोन नीट उमटत नाहीत. मग नवीन बांधतो.