मोफत ईमेल प्रोग्राम निवडताना: थंडरबर्ड, नवे आउटलुक की ईएम क्लायंट?

नाशिकमधील सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील छोटे कारखाने, कॉलेज रोडवरील करसल्लागारांची कार्यालये आणि दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातून द्राक्षे परदेशी पाठवणारे निर्यातदार, या सगळ्यांचा पत्रव्यवहार आज मेलवर चालतो आणि बहुतेक ठिकाणी तो ब्राउझरमध्येच पाहिला जातो. खाते एकच असेल आणि दिवसाला चार-सहा मेल येत असतील, तर ही पद्धत बदलण्याचे काही कारण नाही. मात्र कंपनीच्या नावाचा एक पत्ता, जीएसटीच्या नोंदणीला दिलेला दुसरा आणि घरचा तिसरा, अशी खाती एकाच माणसाला सांभाळायची असतील, किंवा नेट बंद असतानाही मागच्या हंगामाची कागदपत्रे हाताशी हवी असतील, तर संगणकावर स्वतंत्र ईमेल प्रोग्राम बसवणे निश्चित सोयीचे ठरते.

मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामांची तुलना करताना लोक आधी त्यांचे रूप पाहतात. माझ्या मते दोन प्रश्न त्याआधी विचारायला हवेत: आपल्या मेलची प्रत नेमकी कुठे साठते, आणि उद्या प्रोग्राम बदलायचा ठरवला तर ती सहज बाहेर काढता येते का?

या दोन्ही कसोट्यांवर मोझिलाचे थंडरबर्ड सर्वांत भक्कम उतरते. त्याची १.० आवृत्ती २००४ साली आली, २०२३ साली ११५ व्या आवृत्तीत त्याचे रूप पुष्कळ बदलले, आणि वापरकर्त्यांच्या देणग्यांवर चालणारा हा मुक्त-स्रोत (म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे असा) प्रकल्प विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. तो घरी वापरा वा धंद्यासाठी, परवान्याची अडचण नाही, खात्यांच्या संख्येला मर्यादा नाही आणि जाहिरातीही नाहीत. दिनदर्शिका त्यातच आहे. मेल कूटबद्ध करण्याची, म्हणजे तो फक्त पाठवणारा व घेणारा यांनाच वाचता येईल असा करण्याची, ओपनपीजीपी ही सोयही २०२० पासून अंगभूत आहे. रोजच्या कामात सर्वाधिक उपयोगी पडते ती मात्र यादीच्या डोक्यावरची क्विक फिल्टरची पट्टी. रॉटरडॅमच्या खरेदीदाराला पाठवलेले फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) किंवा रेसिड्यू रिपोर्ट (कीडनाशकांच्या अंशांचा तपासणी अहवाल) शोधायचा असेल, तर त्या पट्टीत खरेदीदाराचे नाव लिहून अटॅचमेंटचे बटण दाबावे. ज्यांना फाइल जोडलेली आहे तेवढेच मेल समोर उरतात.

थंडरबर्डच्या उणिवाही समजून घ्याव्यात. नेहमीच्या मांडणीत ते प्रत्येक फोल्डरचे सगळे मेल आपल्याच संगणकावर एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवते. मेल खोडला तरी फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ होईपर्यंत, म्हणजे त्या फाइलमधून खोडलेले मेल खरोखर काढले जाईपर्यंत, त्याची जागा मोकळी होत नाही, आणि एखाद्या मेलमध्ये व्हायरस सापडला म्हणून अँटिव्हायरसने ती फाइलच बाजूला काढली तर अख्खा इनबॉक्स दिसेनासा होण्याचा धोका असतो. म्हणून इनबॉक्स फुगू न देता जुने मेल वर्षवार फोल्डरांत हलवावेत. जीमेल जोडल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते: ‘ऑल मेल’ हे फोल्डरही उतरवले जाते आणि इनबॉक्समधला मेल तिथे पुन्हा दिसतो. फोल्डरांच्या ‘सबस्क्राइब’ यादीतून त्याची खूण काढून टाकली की हा प्रश्न मिटतो.

विंडोजसोबत पूर्वी मिळणाऱ्या ‘मेल’ ॲपचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२४ अखेर बंद केला आणि त्या जागी नवे आउटलुक दिले. नव्या संगणकावर ते बहुधा आधीच असते, दिसायला नीटनेटके आहे, आणि ज्यांचे खाते मुळात मायक्रोसॉफ्टचेच आहे त्यांना ते पाच मिनिटांत वापरता येते. परंतु त्यात जीमेल किंवा कंपनीचे अन्य खाते जोडताना मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर, ठेवण्याची परवानगी मागितली जाते, आणि पुष्कळजण ती सूचना न वाचताच पुढे जातात. शिवाय मोफत वापरात मेलच्या यादीत जाहिराती येतात. अशिलांची विवरणपत्रे हाताळणाऱ्या कार्यालयाने ही परवानगी विचारपूर्वकच द्यावी.

ईएम क्लायंट हा विंडोज आणि मॅकवर चालणारा तिसरा पर्याय तिघांत सर्वांत देखणा आहे. मेल, दिनदर्शिका आणि संपर्क एकाच खिडकीत सुबकपणे मांडलेले असतात आणि ठरावीक वेळी बॅकअप घेण्याची सोय आतच आहे. अडचण परवान्याची आहे: मोफत आवृत्ती केवळ वैयक्तिक वापरासाठी असून तीत खात्यांची संख्याही मर्यादित असते. निवृत्तीनंतर घरचा पत्रव्यवहार पाहणाऱ्यांना तो मी आनंदाने सुचवेन. कारखान्याच्या कामासाठी मात्र परवाना विकत घेतल्याशिवाय तो वापरू नये. लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी एव्होल्यूशन चांगले आहे, तर अगदी जुन्या संगणकासाठी क्लॉज मेल हलके आहे, पण त्यात फक्त साधा मजकूर लिहिता येतो.

प्रोग्राम कोणताही घेतला तरी खाते ‘आयमॅप’ने जोडायचे की ‘पॉप’ने, हे आधी ठरवावे. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर राहतो आणि फोन व संगणक दोन्हीकडे एकच चित्र दिसते. संगणकावर खोडलेला मेल फोनवरूनही जातो. पॉपमध्ये मेल संगणकावर उतरतो, आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याचा पर्याय निवडलेला नसेल तर तिथून नाहीसा होतो. ज्या कंपनीच्या पत्त्याला सर्व्हरवर जागा फार थोडी मिळते तिथे पॉप उपयोगी आहे, पण मग बॅकअपची सारी जबाबदारी आपल्यावर येते. जीमेलसाठी आयमॅपच घ्यावे. थंडरबर्डमध्ये पत्ता लिहिला की गूगलची लॉगिनची खिडकी उघडते आणि परवानगी दिली की खाते जोडले जाते.

देवनागरी मजकूर या सर्व प्रोग्रामांत नीट दिसतो आणि शोधताही येतो, मात्र तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, लिहिलेला असावा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधून उचलून मेलमध्ये डकवलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांसारखा उमटतो.

तेव्हा व्यवसायासाठी निवड करायची असेल तर थंडरबर्डपासूनच सुरुवात करावी. ब्राउझर लगेच सोडण्याचीही गरज नाही, कारण आयमॅपमुळे काही आठवडे दोन्ही सोबत वापरता येतात. बॅकअपसाठी ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइलचे (म्हणजे सारे मेल व खात्यांच्या सेटिंग्ज असलेले) फोल्डर उघडावे, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून ते फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे. द्राक्षांच्या निर्यातीत असाल, तर हे काम जानेवारीत कंटेनरची धावपळ सुरू होण्याआधीच उरकून घ्यावे.