ग्रामसभा, शाळा समिती की माहितीचा अर्ज?

"गावासाठी काहीतरी करायचंय, पण निवडणुकीच्या भानगडीत पडायचं नाही," असं म्हणणारी माणसं सांगलीतल्या वाळव्यापासून साताऱ्यातल्या माणपर्यंत सगळीकडे भेटतात. त्यांच्यापुढे वाटा बऱ्याच आहेत. कुठल्या वाटेवर वेळ किती जातो आणि पदरात काय पडतं, ते आधी बघावं.

ग्रामसभेला मतदार यादीतलं नाव एवढंच लागतं. वर्षातून किमान चार सभा व्हायलाच हव्यात. त्या बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास लागतात. कोरमसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. पण झेंडावंदन होतं, जिलेबी वाटली जाते आणि लोक पांगतात. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नसते. मग वीसेक डोकी मिळून अख्ख्या गावाचा आराखडा मंजूर करतात. वाईट आहे खरं, पण जो येतो त्याच्या फायद्याचंही आहे, कारण वीस जणांत एकाचा आवाज मोठा होतो.

मात्र तिथं नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं. विषय आधी लेखी द्यायचा, पोच घ्यायची. सूचक-अनुमोदकाच्या नावासह ठराव प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, चढला का, ते सभा संपण्याआधी वाचायचं. कोऱ्या पानावर हजेरीची सही मागितली तर सरळ नाही म्हणायचं, मग समोर चुलता का असेना.

शाळा व्यवस्थापन समितीचं काम याहून छोटं आणि माझ्या मते जास्त फळणारं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. अडचण एकच, पोर त्या शाळेत असावं लागतं. विषय असतात शौचालयाला पाणी, पोषण आहाराचा तांदूळ, गळकं छप्पर. ग्रामसभेत भावकी, सोसायटी, कारखान्याचं राजकारण सगळं येऊन बसतं. इथं ते उंबऱ्याबाहेर राहतं असं नाही, पण कमी असतं. सभेत उभं राहून बोलायला बिचकणाऱ्या आईनं इथून सुरुवात करावी.

माहिती अधिकाराचा अर्ज, म्हणजे सरकारी कार्यालयाकडून कागद मागणं, हे एकट्याचं काम. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत. उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर पहिलं अपील. "रस्त्याची सर्व माहिती द्या" असं लिहिलं की गोलमाल उत्तर येतं. "अमुक रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेची आणि अंतिम बिलाची प्रत" असं मागितलं की टाळाटाळ अवघड होते. किंमतही आहे, लहान गावात 'अर्ज टाकणारा' म्हणून माणूस ओळखला जातो आणि चहाला बोलावणारे कमी होतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या रहिवाशाला ग्रामसभाच नाही. कायद्यात शहरी वस्तीतल्या मतदारांची क्षेत्रसभा आहे, पण भरलेली क्वचित दिसते. त्यामुळं शहरात हा अर्जच जास्त उपयोगी.

लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो. तो वैयक्तिक तक्रारीपुरताच. गावाचा प्रश्न घेऊन तिथं जाण्यात अर्थ नाही.

राहिलं श्रमदान. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 ला वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा जिंकली ती फावडं-पाटीच्या जोरावर, आणि 2019 च्या महापुरात कृष्णाकाठी पोरांनी होड्यांतून माणसं काढली. समाधान यात सगळ्यात जास्त आणि वैर सगळ्यात कमी. पण पाणी मुरवायला खणलेले चर दोन पावसाळ्यांनी गाळानं भरले आणि त्यांच्या दुरुस्तीला पंचायतीचा पैसा लागला, तर तो विषय परत ग्रामसभेतच न्यावा लागतो.

नोकरीमुळं सुट्टीपुरताच वेळ असेल तर ग्रामसभा आणि अर्ज यांची जोडी धरावी. 15 ऑगस्टला ठराव मांडायचा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच ठरावाचा क्रमांक घालून अंमलबजावणीची कागदपत्रं मागायची.