पोर्टेबल कार शेड: कव्हर फाटल्यानंतर काय शिवलं, काय बदललं, आणि आढ्यावरचे ते बोल्ट

कव्हर फाटलं म्हणून अख्खं शेड बदलायचा विचार करत असाल तर आधी हे वाचा. माझ्याकडचं शेड नेहमीचंच, तीन बाय सहा मीटर, पाइप एकमेकांत सरकवून बोल्ट मारायचे, वरून पांढरं कव्हर आणि खाली रबरी गोळेवाल्या दोऱ्या, त्यामुळे स्पेसिफिकेशन सांगत बसत नाही. गाडी रोज त्याच्याखालीच असते. एक पूर्ण उन्हाळा काढला, त्यानंतरच्या पावसाळ्यात छपरातून गाडीच्या टपावर पाणी टपकायला लागलं.

वर चढून बघितलं तर भोक बरोबर आढ्याच्या पाइपवर, जिथे जोड आहे तिथल्या बोल्टच्या डोक्यावर. पुढच्या जोडाला गेले, तिथेही तेच. जितके जोड तितकी भोकं, आणि मोकळ्या कापडावर एकही नाही! म्हणजे कव्हर पावसाने फाटलं नाही, वाऱ्याने तर नाहीच नाही. षटकोनी डोक्याचा बोल्ट वरून खाली मारलाय, त्याच्या धारदार कडा वरच्या बाजूला, आणि त्यावर ताणलेलं कापड दिवसरात्र फडफडतंय. ते किती टिकणार? एका ठिकाणी तर बोल्ट उलटा होता, नट वर आणि आट्यांचं टोक अर्धा इंच बाहेर. कारखान्यात ज्याने कोणी हे ठरवलं त्याने कव्हर घालून एकदा तरी वरून हात फिरवून बघायला हवा होता. मला या गोष्टीचा अजूनही राग आहे कारण हे टाळायला एक पैसा जास्त लागत नव्हता.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की कव्हर झिजणारा भाग आहे आणि हवामानामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. मी विचारलं की हवामान नेमकं बोल्टवरच कसं काय पडतं, त्याचं उत्तर शेवटपर्यंत कोणी दिलं नाही. "मॅडम, आम्ही तुमची तक्रार वरती पाठवलीये," एवढंच. बऱ्याच फोनाफोनीनंतर नवीन कव्हर सवलतीत देतो म्हणाले, पण सवलत धरूनही पाठवायच्या खर्चासकट ते जवळपास अख्ख्या नवीन शेडच्या घरात जात होतं. आणि ते नवीन कव्हर परत त्याच बोल्टांवर घालायचं. मी नाही म्हटलं.

मग दुरुस्ती. पहिल्यांदा सगळे करतात तेच, चंदेरी डक्ट टेप. पावसात तात्पुरती धार थांबते, पण ऊन लागलं की त्याचा गोंद वाळतो, कडा उचकटतात आणि मागे तो चिकट काळा थर राहतो ज्यावर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही. रात्रीपुरतं ठीक, त्यापलीकडे नको.

ठिगळ लावायच्या आधी आपलं कव्हर कशाचं आहे ते माहीत पाहिजे, कारण पॉलिथिन आणि पीव्हीसी दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. कडेचा नखाएवढा तुकडा कापा, बोटाने चोळून हवेचे बुडबुडे काढा आणि पाण्याच्या ग्लासात सोडा. तरंगला तर पॉलिथिन, बुडाला तर पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिस्टर. स्वस्त शेडांचं कव्हर बहुतेक वेळा विणलेल्या पॉलिथिनचं असतं, दोन्ही बाजूंनी पातळ थर दिलेलं, साधारण १२० ते १८० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). यावर कुठलाही नेहमीचा गोंद चालत नाही, कितीही भारी आणला तरी वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघून येतो. त्याला पॉलिहाऊसच्या फिल्मला लावतात ती रुंद, उन्हात टिकणारी रिपेअर टेपच हवी. पीव्हीसीला मात्र पीव्हीसीचा सोल्व्हेंटवाला गोंद मस्त धरतो, किंवा हॉट एअर गनने ठिगळ वितळवून बसवता येतं. फक्त ते मोकळ्या हवेत करा, पीव्हीसी जास्त तापलं की त्याचा धूर घातक असतो.

माझा तुकडा तरंगला. मग टेप आणली. जागा साबणाने धुतली, पूर्ण वाळू दिली, स्पिरिटने पुसली, ठिगळाचे कोपरे गोल कापले (चौकोनी कोपरा हमखास उचलला जातो) आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून लावलं. हे काम कोरड्या दुपारी करायचं, गार दमट हवेत टेप नीट बसत नाही. नंतर जोराचे पाऊस येऊन गेले तरी थेंब आला नाही आणि मी सगळ्यांना सांगायला लागले की टेप घ्या, बाकी काही करू नका.

आता त्यात बदल करायचाय. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी ठिगळं जशीच्या तशी होती, पण त्यांच्या कडेने कव्हर फाटायला लागलं. ठिगळ मजबूत आणि आजूबाजूचं कापड विरलेलं. पॉलिथिनला ऊन खातं. त्यात उन्हापासून वाचवणारं रसायन घातलेलं असतं, ते संपत आलं की कापड कडक होतं आणि त्याचा भुगा पडायला लागतो. गाडीच्या काचेवर सकाळी पांढरे बारीक कण दिसत होते, मला ती धूळ वाटायची, ते कव्हरच होतं. त्यामुळे माझा सल्ला आता असा की छपराचा भाग नखाने जोरात खरवडून बघा. पांढरी पूड किंवा पापुद्रे निघाले, किंवा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढल्यावर धागे तुटले, तर टेपवर खर्च करू नका. कापड लवचिक आहे आणि फक्त भोक पडलंय तर टेपसारखं स्वस्त काही नाही.

आणि एक, छपराचं कापड गेलं म्हणजे बाजूच्या भिंतींचं गेलं असं नाही. भिंतींवर ऊन तिरकं पडतं, त्या जास्त टिकतात. माझ्या भिंती अजून चांगल्या आहेत. म्हणून अख्खं कव्हर न घेता फक्त छपराचा तुकडा वरून घालायचं ठरवलं, तोही जुन्या होर्डिंगच्या फ्लेक्सचा. जाहिरात उतरवली की ते फ्लेक्स बऱ्याचदा कवडीमोलाने मिळतं. साधारण ४४० जीएसएमचा जाड प्रकार मिळाला तर बघा, पातळ घेऊ नका. ट्रकच्या ताडपत्रीइतकं ते टिकणार नाही हे खरं, पण पैशाच्या मानाने दुसरं काही त्याच्या जवळपास येत नाही. छापील बाजू आत, गाडीकडे. पांढरी बाजू उन्हाला असली की आत बराच फरक पडतो.

वजनाचा हिशोब मात्र करा. माझ्या शेडला जमिनीपासून कमानीवरून पलीकडच्या जमिनीपर्यंत मोजपट्टी लावली तर साडेसात मीटर येतं, गुणिले सहा, म्हणजे ४५ चौरस मीटर. १५० जीएसएमचं कव्हर पावणेसात किलोच्या आसपास, तेच ४५० चं केलं तर वीस किलो, एकट्याने उचलून वर टाकणं अशक्य. फक्त छपराचा तुकडा दहा किलोच्या आसपास आला, तो दोघांत आरामात चढला.

ताडपत्री शिवणाऱ्या काकांना कड दुमडून शिवायला दिलं. त्यांनी आधीच विचारलं, "उन्हात राहणार का? मग सुती दोरा नको, पॉलिस्टरचा घालतो, सुती कुजतो." आयलेट लोखंडी नको, पितळी घ्या, लोखंडी रिंग गंजून कापडही खाते. त्यांनीच अजून एक गोष्ट दाखवली जी मी आता सगळीकडे वापरते. आयलेट उपटलं किंवा मधेच कुठे बांधायचंय आणि भोक पाडायचं नाही, तर लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्यायचा, कापडाच्या खालून लावायचा, वरून कापड त्याच्याभोवती आवळून मान करायची आणि त्या मानेला दोरीचा सरकफास टाकायचा. जितकं ओढाल तितकं घट्ट. कापडाला कुठेही छेद नाही, आणि ताण एका रिंगवर न येता गोट्याभोवती पसरतो. कडेचं फाटलेलं जुनं आयलेट दुरुस्त करण्यापेक्षा हे बरं.

आता परत बोल्ट, कारण त्यांचं केल्याशिवाय नवीन छप्पर घालणं मला मान्यच नव्हतं. आढ्याच्या जोडांवरचे सगळे बोल्ट काढले आणि त्याऐवजी प्रत्येक जोडाला दोन-दोन सेल्फ ड्रिलिंग स्क्रू (स्वतःच भोक पाडत आत जाणारे) खालच्या बाजूने मारले. पाइप ३८ मिलिमीटरचा आहे आणि स्क्रू २० मिलिमीटर लांबीचा, त्यामुळे टोक पाइपच्या आतच राहतं, वर काहीच येत नाही. जुन्या भोकांना झिंकवाला प्रायमर लावला नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. हे फक्त आढ्याला करा. पायाच्या जोडांना बोल्टच हवेत, वारा वर उचलतो तेव्हा ओढ तिथे येते. ज्यांना ड्रिल चालवायचं नाही त्यांनी निदान षटकोनी बोल्ट काढून गोल डोक्याचे घालावेत, डोकं वर आणि नट खाली. एवढं तर पान्याने होतं.

त्यावर पाइपला फोमची नळी चढवली, एसीच्या पाइपवर असते तसली काळी. यात नुसती घासण्याची गोष्ट नाही. लोखंडी पाइप उन्हात सणसणीत तापतो आणि तापलेल्या पाइपला टेकलेलं कापड बाकीच्यापेक्षा लवकर खराब होतं, म्हणूनच जुनी कव्हरं पाइपच्या रेषेत सरळ फाटलेली दिसतात. पॉलिहाऊसला पाइपवर फोमची पट्टी लावतात ती याचसाठी. काही जण पीव्हीसी पाइप उभा चिरून चढवा सांगतात, पण कव्हर पॉलिथिनचं असेल तर ते करू नका, पीव्हीसी सतत टेकून राहिलं की पॉलिथिन त्या जागी आणखी लवकर जातं.

झोळ पडू द्यायचा नाही. एक चौरस मीटरच्या झोळात पाच सेंटिमीटर पाणी साठलं की पन्नास किलो झाले, आणि पाणी साठलं की झोळ वाढतो, झोळ वाढला की पाणी. कितीतरी शेडं वाऱ्याने नाही तर रात्रीच्या संथ पावसाने वाकतात. दोऱ्या दर थोड्या दिवसांनी ताणून घ्याव्या लागतात, विशेषतः नवीन फ्लेक्स सुरुवातीला सैल पडतं.

रबरी गोळेवाल्या दोऱ्या उन्हाने तडकतात, तडकल्या की बदला, पण त्यांच्या जागी तार किंवा नायलॉनची दोरी घट्ट बांधू नका. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किलोमीटरला चौरस मीटरवर हिशोबाला साडेसात किलोच्या आसपास दाब येतो, ८० ला तो चौपट, म्हणजे तीसेक किलो, आणि छप्पर आहे १८ चौरस मीटर. काँक्रीट भरलेली वीस लिटरची बादली पंचेचाळीस-पन्नास किलोची होते, चार पायांना चार बादल्या लावल्या तरी हे गणित जुळत नाही. अशा वेळी रबर आधी तुटलेलं बरं, कव्हर सुटेल पण सांगाडा वाकणार नाही आणि गाडीवर येणार नाही. वादळाचा इशारा असेल तर मी छप्पर उतरवूनच ठेवते. जमीन मातीची असेल तर स्क्रूसारख्या फिरवून घालायच्या मेखा घ्या, सरळ ठोकायच्या मेखा ओल्या मातीतून सहज उपसून येतात.

गंजाचं थोडक्यात. वरचा रंग सोलला म्हणून घाबरू नका, तारेच्या ब्रशने घासून झिंक प्रायमर आणि रंग. पायाच्या तळाला हातोडीने हलकं ठोकून बघा, आवाज बद्द आला किंवा पाइप चेपला तर तो आतून गेलाय. एकदोन पायच गेले असतील तर आत घट्ट बसेल असा पाइपचा तुकडा घालून जोडता येतं. चारही पाय आणि जोड गेले असतील तर मात्र कव्हरवर पैसे घालण्यात अर्थ नाही, मग नवीन शेडच बघा, आणि बघताना फोटोंमध्ये आढ्याचा जोड मोठा करून बघा, बोल्टचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते.

दाराची चेन राहिली. दात शाबूत आहेत पण सरकवलं की मागून उघडते, म्हणजे फक्त रनर झिजलाय, तेवढा एक बदलता येतो. तोपर्यंत मेणबत्ती घासून काम चालवतेय. वरच्या त्रिकोणी खिडक्या उघड्याच ठेवते, बंद केल्या की सकाळी गाडी आतून घामेजलेली मिळते आणि ते पाणी परत पाइपवरच उतरतं.