खान्देशातली बंद पडलेली मारुती 800: पार्टसाठी घ्यावी का?

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्यात निंबाच्या झाडाखाली टायर बसलेली एखादी 800 दिसतेच. कंपनीने ही गाडी 2014 मध्ये बंद केली आणि मारुतीचीच व्हॅन ओम्नी 2019 मध्ये. रस्त्यावर धावणाऱ्या दोन्ही गाड्या अजून पुष्कळ आहेत, म्हणून उभ्या गाडीच्या पार्टला गिऱ्हाईक आहे. आमचं मत आधीच सांगतो: इकडची गाडी लोखंड, पत्रा आणि काचेसाठी जरूर घ्या, रबर आणि वायरिंगसाठी अजिबात घेऊ नका.

कारण इथलं हवामान. हवा कोरडी, त्यामुळे दरवाजे, बोनट, डिकीचं झाकण कोकणातल्या गाडीच्या मानाने फारच चांगले राहतात. पण मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि त्यात रबराचा जीव जातो. रेडिएटरचा होस दोन बोटांत दाबून वाकवा. बाहेरून काळाभोर दिसणाऱ्या होसवर वाकवताच केसाएवढ्या भेगा उघडतात. तीच गत इंजिन माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, ब्रेकचे होस आणि दरवाज्याच्या बीडिंगची. हे सगळं नवीनच घ्यायचं.

पत्रा पाहताना नंबरप्लेटही पाहा. एमएच-18, 19 किंवा 39 असेल तर बरं. एमएच-07, 08 म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीची गाडी, तिची मॅट उचलून फ्लोअर तपासल्याशिवाय बोलणी करू नका. सुरतेकडून आलेल्या गाडीचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. 2006 मध्ये तापीच्या पुराचं पाणी सुरतेत शिरलं होतं आणि बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर, आतल्या टोकाशी, चिखलाची रेघ राहते. बॅटरीच्या ट्रेखालचा गंज मात्र सगळ्याच गाड्यांना असतो, तो मनावर घेऊ नका.

आता इंजिन. 796 सीसी, तीन सिलिंडर. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं नाही तर जोर करू नका, ते इंजिन भंगाराच्या भावानेच धरा. फिरलं तर चार्ज केलेली बॅटरी लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा 15-20 टक्क्यांनी कमी आला तर त्यात पुन्हा थोडं ऑइल सोडून मोजा. आकडा वाढला तर पिस्टन रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून त्यावर पोलादी पट्टी ठेवून फिलर गेजने (मोजक्या जाडीच्या पात्यांनी) तपासा. 0.05 मिमीची पाती खाली सहज सरकली तर हेड वाकलेलं आहे. आपल्याकडे कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी भरण्याची वाईट सवय आहे. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर दिसला की हेडच्या पाणीवाटाही खाल्लेल्या असणार, असं समजूनच भाव करा.

कार्बोरेटरवाल्या 800 चे इंजिनातले बरेच पार्ट कार्बोरेटरवाल्या ओम्नीला चालतात, तरी पार्ट नंबर जुळवूनच पैसे द्या. गिअरबॉक्स मात्र चालत नाही: 800 ची पुढची चाकं ओढतात, ओम्नीची मागची ढकलतात. गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघा. बारीक चमचमती भुकटी चालेल, पण लोखंडाचे कण हाताला लागले तर दात गेलेत. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नंबर तंतोतंत जुळला तरच काढा.

खरा फायदा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) यांत आहे. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलं, ते स्वस्तात बदलतं. त्याचे कार्बन ब्रश 5 मिमीपेक्षा कमी उरले असतील तर तेही बदला. गाडीवर चढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत. सेल्फ वाइसमध्ये घट्ट पकडूनच तपासा, हातात धरून नाही. झटका जोराचा बसतो.

वायरिंग सोडा म्हटलं, कारण कपाशीच्या शेताकडेला उभ्या गाडीत उंदीर शिरलेले असतातच. कनेक्टर हवे असतील तर प्रत्येकाला वीतभर वायर ठेवून कापा. पेट्रोलच्या नळ्या उघड्या राहिल्या असतील तर कुंभारमाशीने आत माती भरलेली सापडते. टाकी, पाइप, कार्बोरेटर सगळं धुऊनच वापरा.

ब्रेक सिलिंडर, टाय रॉड, सीटबेल्ट जुने बसवू नका, कितीही चांगले दिसोत. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2219 म्हणजे 2019 चा 22 वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर इकडच्या उन्हात भरवशाचा नाही, नक्षी शाबूत असली तरी. एलपीजी किंवा सीएनजीची टाकी असेल तर गॅस कटर जवळही आणू नका, ती अधिकृत किटवाल्याकडूनच उतरवा.

तोडणाऱ्यांच्या सेवेबद्दल एक तक्रार आहे. गाडीचं वजन साधारण साडेसहाशे किलो, भाव त्यावरच सांगतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला, धूर साफ करणारा भाग) गुपचूप त्यातच धरतात. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. त्याचा भाव वेगळा मागा, नाहीतर तो आधी उतरवून ठेवा. बॅटरीही बॅटरीच्या दुकानात बदल्यात द्या. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) मिळतं आणि नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. पार्ट काढलेली गाडी घेतील का, हे पाना हातात घेण्याआधी विचारा. इंजिन, गिअरबॉक्स चांगले नसतील आणि नवी गाडी घ्यायचीच असेल, तर अख्खी गाडी केंद्रात देणं आमच्या मते जास्त परवडतं.

घरी तोडलीत तर चेसिस नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा कापून जपून ठेवा. गाडी कायमची निकामी झाल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, तेव्हा तो तुकडा मागू शकतात. आरसी रद्द होईपर्यंत जबाबदारी मालकाचीच राहते. काढलेलं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवलं, तर त्या गाडीच्या आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या.