म्हापसा ते पणजी: खासगी बस, इलेक्ट्रिक बस की स्कूटर?

अंतर जेमतेम 13 किलोमीटर. तिकीट किती, वेळ किती, हे सगळेच बघतात. माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे वाटेत छातीत काय जातं, हे मला आधी बघावं लागतं.

जुनी डिझेलची खासगी बस हात दाखवाल तिथे थांबते, ही तिची मोठी सोय. पण थांबली की इंजिन चालूच असतं आणि पुढच्या बसचा धूर उघड्या खिडकीतून सरळ आत येतो. एकदा मुलाचा गळा रुमालाने पुसला तर रुमाल काळा झाला. ती काजळी निदान दिसते तरी. खरं भय आहे ते पीएम 2.5चं. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे हे कण फुप्फुसांच्या तळापर्यंत उतरतात आणि त्यातले अतिसूक्ष्म रक्तातही मिसळतात. दमा उसळतो, हृदयावरही ताण येतो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 सालीच जाहीर केलं आहे. याच संघटनेच्या मते हवेतल्या पीएम 2.5ची वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्याकडचं मानक 40 आहे, म्हणून ‘हवा मर्यादेत आहे’ एवढ्यावर मी समाधान मानत नाही.

कदंब या गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या वातानुकूलित इलेक्ट्रिक बसला धुराडंच नाही आणि खिडक्या बंद. ब्रेक-टायरची झीज आणि रस्त्याची धूळ तिच्यामुळेही उडतेच, पण आत बसलेल्याला त्रास कितीतरी कमी. अडचण एकच, ती हवी तेव्हा मिळेलच असं नाही.

स्कूटर वेळ वाचवते. पण पर्वरीच्या कोंडीत ट्रकमागे उभं राहिलात, तर तोंड नेमकं त्याच्या धुरासमोर येतं. जायचंच असेल तर नाकाला घट्ट बसणारा एन-95 लावा. ओढणीने सूक्ष्म कण अडत नाहीत.

दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा लहान मूल असेल तर इलेक्ट्रिक बसच धरा, आणि स्टँडवर चालू इंजिनांपासून लांब उभे राहा. ठणठणीत माणसाला नव्या बीएस-6 (धुरावर कडक मर्यादा घालणारं भारतीय मानक) बसनेही चालेल.

पावसाळ्यात हवा धुतली जाते, तेव्हा मीही इतका विचार करत नाही. नोव्हेंबरपासून मात्र पहाटेची गार हवा धूर खालीच धरून ठेवते. त्या दिवसांत आलेली डिझेलची बस सोडून आम्ही मायलेक इलेक्ट्रिक बसची वाट बघतो.